शिंपल्यांची खिडकी आणि एक रिकामा चौकोन

मित्रांनो, आधी माझ्यातून आरपार बघा पाहू. काय दिसले? काहीच नाही ना? नुसता दुधाळ उजेड. लगेच नाक मुरडू नका. खिडकी असूनही माझ्यातून पलीकडचे दिसत नाही, हा माझा दोष नाही, स्वभाव आहे. मी शिंपल्यांची खिडकी आहे. वय विचाराल तर दीडशेच्या वर. जन्म गोव्यातला आणि सध्याचा मुक्काम इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन शहरात, बसस्टॉपसमोरच्या एका विटांच्या घरात. मला स्वतःला मात्र दोन्हीकडचे दिसते. माझे एक तोंड घरात असते आणि एक रस्त्याकडे. पण मी कोणाच्या चहाड्या करत नाही. आज सांगणार आहे ते माझ्याबद्दलच, आणि माझ्यामुळे दोन बायकांवर कसा प्रसंग ओढवला त्याबद्दल.

गोव्यात मांडवी नदीच्या पात्रात दिवाडी नावाचे बेट आहे. तिथल्या एका मोठ्या घरासाठी रामनाथ च्यारी नावाच्या सुताराने मला घडवले. सागाच्या अरुंद पट्ट्या, त्यांना दोन्ही अंगांनी खाचा, आणि त्या खाचांत वरून अलगद सरकवलेले शिंपल्यांचे चौकोन. हे शिंपले खाडीच्या चिखलात मिळतात. चपटे, तळहाताएवढे आणि इतके पातळ की उजेडात धरले तर बोटांची सावली दिसावी. ते घासून, कडा कापून चौकोनी करायचे. त्या काळी काच युरोपातून जहाजाने येई. वाटेत बरीचशी फुटे आणि उरलेली भलतीच महाग पडे. म्हणून गोव्यातल्या घरांना आणि चर्चना शिंपले बसवत. राज्य दूरच्या लिस्बनचे, म्हणजे पोर्तुगालचे होते, पण घरातला उजेड इथल्या चिखलातून आलेला होता. याचा मला अजून अभिमान वाटतो.

आता थोडा इतिहास सांगावाच लागेल. जांभया देऊ नका, लवकर आटपते. पोर्तुगाल हा युरोपच्या अगदी कडेचा लहानसा देश. पाठीशी मोठा शेजारी आणि पुढे नुसता समुद्र. तिथल्या लोकांनी समुद्राचीच वाट धरली. पाचशे वर्षांपूर्वी आफ्रिकेला वळसा घालून त्यांची जहाजे मिरी शोधत आपल्या किनाऱ्यावर आली. मिरी मिळाली, तेवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते. पण जहाजांवर तोफाही होत्या. मग गोवा, चौल, वसई, दमण, दीव त्यांचे झाले. तिकडे मलाक्का आणि मकाव, आफ्रिकेत अंगोला आणि मोझांबिक, अटलांटिकपलीकडे ब्राझील. एवढ्याशा देशाने केवढा पसारा मांडला! त्या पसाऱ्यात देवळे पाडली गेली, लोकांना धर्म बदलायला लावले गेले, आफ्रिकेतल्या माणसांना गुलाम करून विकले गेले. हे मी झाकून ठेवणार नाही. आणि त्याच जहाजांतून मिरची, बटाटा, काजू, अननस आले, पाव भाजायची रीत आली, हेही सांगणारच. तुमच्या डब्यातली बटाट्याची भाजी मुळात किती दूरची पाहुणी आहे, ते एकदा तुमच्या आईला विचारा.

खरे सांगायचे तर माझा जन्म झाला तेव्हा हे वैभव ओसरले होते. वसई मराठ्यांनी कधीच जिंकून घेतली होती. नदीपलीकडची जुनी राजधानी रोगराईने ओस पडली होती आणि झाडीतून फक्त चर्चचे मनोरे दिसत. पंगत उठल्यावर पोहोचलेल्या पाहुण्यासारखी मी आले. पण घरातल्या मुलांना अजूनही पोर्तुगालच्या नद्या पाठ कराव्या लागत, समोरची मांडवी मात्र कोणी विचारत नसे.

मोठी झाली की ही मुले त्या साम्राज्याच्या वाटांनी पांगत. थोरले काका मोझांबिकला कारकून झाले. धाकटे लिस्बनला शिकायला गेले ते तिकडचेच झाले. निघताना प्रत्येक जण होडीत बसून वळून बघायचा. त्याला मी दिसायचे, माझ्यामागे उभी असलेली माणसे दिसायची नाहीत. घरातल्यांनाही होडी दिसायची नाही. दोन्ही बाजूंनी हात हलायचे, आणि ते हलणारे हात फक्त मला दिसायचे. त्या वेळी मला वाटायचे, आपण काचेच्या असतो तर!

त्याच घरात ऑफेलिया जन्मली. भारी चौकस पोर. १९६१ च्या डिसेंबरमध्ये भारतीय सैन्य गोव्यात आले तेव्हा ती शाळकरी होती. आकाशात विमाने घोंघावत होती, फेरी बंद होती आणि ऑफेलियाच्या आईने घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. पोरीला राहवेना. तिने माझ्या खालच्या ओळीतला एक शिंपला बोटाने हळूच वर सरकवला आणि त्या फटीला डोळा लावला. तिला वाटले होते, बाहेर तोफा दिसतील. दिसला तो एक तरुण पोर्तुगीज शिपाई. आमच्याच पायऱ्यांवर बसून तो बूट काढत होता. त्याच्या टाचेला फोड आला होता आणि तो रडत होता. साडेचारशे वर्षांचे राज्य संपले, त्यातले ऑफेलियाने पाहिले ते एवढेच. आईने आधी तिच्या पाठीत धपाटा घातला, शिंपला खाली ओढला, आणि मग दार उघडून त्या शिपायाला पेज आणि पाव नेऊन दिला. त्या बाईबद्दल मला फार आदर आहे.

पुढे ऑफेलिया नर्स झाली आणि साउथहॅम्प्टनला आली. इथल्या हॉस्पिटलात तिने सारे आयुष्य काढले. लग्न केले नाही. मागे दिवाडीच्या घराचे छप्पर बसले, भाऊबंदांनी जागा विकायला काढली, तेव्हा ती शेवटची तिथे गेली. माझ्या जोडीची दुसरी फळी वाळवीने खाल्ली होती. मी तेवढी धड होते. तिने मला चादरीत गुंडाळले आणि बोटीने इकडे आणले. घरातल्या खुर्च्या, पलंग, देव्हारा, सगळे सोडून तिने मला निवडले. मित्रांनो, एवढा मान मला कोणी दिला नव्हता.

इथे तिने मला बाहेरच्या खोलीच्या काचेला आतून टेकवून बसवले. हिवाळ्यात बसस्टॉपवर थांबलेली माणसे माझ्या उजेडाकडे बघत राहायची. कोणी कोणी दार वाजवून विचारायचे, 'हे काय आहे?' ऑफेलिया त्यांना आत बोलावून चहा द्यायची. असे कौतुक बरेच झाले. मग वर्षे गेली, धूळ बसली, ऑफेलिया म्हातारी झाली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि तिलाही माझ्यातून बघितल्यासारखेच सगळे दिसू लागले.

शेजारच्या घरात मीनल आणि राजीव राहतात. दोघे पुण्याचे. बेसिंगस्टोकच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करतात. त्यांची मुलगी मायरा इथेच जन्मली, म्हणून तिचे मराठी जरा अडखळते. मीनल बाळंतीण झाली तेव्हा तिच्या आईचा व्हिसा अडकला होता आणि राजीवला साधा लंगोट बांधता येत नव्हता. ऑफेलियाने सहा आठवडे रोज सकाळी जाऊन त्या बाळाला न्हाऊ घातले, मीनलला पेज करून खायला घातली. तेव्हापासून मीनल तिला 'आंटी' म्हणते, पण मनातून आईच मानते. मायरा तर तिला सरळ आज्जी म्हणते. त्यांच्यात राहूनच मी मराठी शिकले, म्हणून तर तुमच्याशी बोलते आहे.

गेल्या वसंतात ऑफेलियाचे डोळ्याचे ऑपरेशन ठरले. नंतर काही आठवडे ती स्विंडनला भाचीकडे राहणार होती. तेवढ्यात तिच्या घराला नव्या दुहेरी काचा बसणार होत्या. कामगार मला भंगार समजून बाहेरच्या डब्यात टाकतील, या धास्तीने तिने मला मीनलच्या हवाली केले.

"सांभाळ गो हिला," ती म्हणाली. "आमच्या घरातलं एवढंच उरलंय."

"आंटी, तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका. परत याल तेव्हा हिला ओळखणार नाही तुम्ही!" मीनल म्हणाली.

बिचारीचे शब्द खरे ठरले.

आता साउथहॅम्प्टनच्या पाण्याविषयी सांगते. इथले पाणी जड आहे. किटलीत, नळावर, शॉवरच्या काचेवर त्याचा पांढरा थर बसतो. इथे घरोघरी सिंकखाली तो काढायच्या औषधाची बाटली असते. औषध आंबट, म्हणजे त्यात आम्ल असते. ते फवारले की फेस येतो, थर विरघळतो आणि काच लख्ख होते. मीनल दर शनिवारी हा कार्यक्रम करते. त्या शनिवारी तिने मला मागच्या काचेच्या खोलीत आणले, उन्हात धरले आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई, काचांवर केवढं लाइमस्केल चढलंय! आंटींना दिसतच नव्हतं ना, म्हणून राहिलं असणार. मायरा, स्प्रे आण. आपण हिला मस्त क्लीन करून टाकू. ऑपरेशननंतर सरप्राइज!"

माझा जन्मजात दुधाळपणा तिला पाण्याचा थर वाटला. तिचे काय चुकले? पांढुरकी काच पुसायची, एवढेच तिला या गावाने शिकवले होते. पण मित्रांनो, शिंपला म्हणजे चुना. किटलीतला थर ज्याचा बनतो, त्याचीच मी बनले आहे.

तिने फवारा मारला. माझ्या अंगावर फेस आला. किटलीत फेस आला की मळ सुटतो, हे ती नेहमी बघते, म्हणून ती खूश झाली.

"बघ, बघ, कसं निघतंय!"

निघत होते खरे. पण निघत होते ते मीच.

"आई, ते खूप फिझ करतोय," मायरा म्हणाली. "आणि वास पण वेगळी येतोय."

औषध ओघळून खालच्या ओळीत साचले. मीनलने कापड फिरवले तर एका शिंपल्याचे पापुद्रे कापडाला चिकटून आले. दुसऱ्याला भोक पडले. तिसरा खाचेतून गळून फरशीवर पडला. मीनलने तो उचलला, बोटांनी चाचपला आणि तिला कळले, ही काच नव्हे. मायराने धावत जाऊन पाण्याचा मग आणला आणि माझ्यावर ओतला. त्यामुळे वरच्या ओळी बचावल्या. खालची ओळ मात्र संपली. मला दुखले का, असे विचाराल तर हो, दुखले. पण मीनल माझ्यासमोर फरशीवर बसून रडायला लागली, तेव्हा मला माझ्यापेक्षा तिचीच जास्त काळजी वाटली.

संध्याकाळी राजीव आला. त्याने सगळे बघितले, इंटरनेटवर शोधाशोध केली आणि अशा खिडक्यांचे सुटे शिंपले इथे कुठे मिळत नाहीत, असे जाहीर केले. मग त्याला एक युक्ती सुचली.

"हे बघ, बाथरूमच्या विंडोला फ्रॉस्टेड फिल्म लावतात ना, ती कापून बसवू. सेम दिसेल. आंटी पंचाहत्तरच्या पुढे आहेत, त्यांना काय कळणार?"

"आज्जीला कळेल," मायरा म्हणाली. "तिची डोळा आता नवीन आहे."

मीनलला त्याच नव्या डोळ्याची भीती वाटत होती. इतक्या वर्षांनी ऑफेलियाला लख्ख दिसणार होते, आणि दिसणार काय होते? आपण विश्वासाने दिलेल्या वस्तूची दशा. त्या आठवड्यात ऑफेलियाचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मीनल म्हणाली, "खिडकी छान आहे, आंटी," आणि फोन ठेवून तोंड झाकून बसली. राजीवने फिल्म आणून ठेवली होती. ती गुंडाळी टेबलावर पडून होती.

आणि गंमत अशी, की उपाय त्यांच्या घरातच होता, आणि तो फक्त मला माहीत होता. मागच्या बागेत, कपडे वाळत घालायच्या दोरीजवळ, वाऱ्यावर किणकिणणारे एक झुंबर टांगलेले होते. मीनलने ते कधीतरी गार्डन सेंटरमधून आणले होते. पावसाने त्यावर शेवाळ आले होते आणि कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. पहिल्याच दिवशी वारा सुटला आणि तो नाजूक आवाज ऐकून मी दचकले. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. दिवाडीला वादळात आम्हीच असे वाजायचो! त्या झुंबरात लटकणाऱ्या चकत्या म्हणजे माझ्याच जातीचे शिंपले होते, फिलिपिन्सच्या समुद्रातले. मी ओरडून सांगितले असते, पण खिडकीला तोंडे दोन असली तरी घरातल्यांशी बोलता कुठे येते? रोज वारा यायचा, रोज ते वाजायचे आणि रोज मीनल त्याच्याखालून जायची.

शनिवारी, ऑफेलिया यायच्या आदल्या दिवशी, जोराचा वारा सुटला. मीनल घाईघाईने कपडे काढायला धावली. चादर उडून झुंबरात अडकली, मीनलने हिसडा दिला आणि अख्खे झुंबर तिच्या डोक्यावर आले.

"आई गं!" ती ओरडली. वैतागून तिने ते बाजूला केले, आणि हातातली चकती उन्हात धरल्यावर तशीच थबकली. चकतीतून तिच्या बोटांची सावली दिसत होती. तिने शेवाळ अंगठ्याने पुसले. मग ती कपडे तिथेच टाकून आत धावत आली आणि ती चकती तिने माझ्या एका शिंपल्याशेजारी धरली.

"राजीव! मायरा! अरे, इकडे या लवकर!"

मित्रांनो, त्या क्षणी मला झालेला आनंद मी कसा सांगू?

राजीव लगेच कात्री घेऊन आला. "चल, बसवून टाकू. आंटींना सांगायची गरजच नाही!"

मीनलने कात्री हातात घेतली. मग तिने कात्री खाली ठेवली.

"नको. आंटींची वस्तू आहे. मी एकदा न विचारता हात लावला, आता परत नाही लावणार."

रविवारी ऑफेलिया आली. डोळ्यावर काळा चष्मा, हातात स्विंडनहून आणलेले बेबिंक, म्हणजे आमची गोव्याची थराथरांची मिठाई. मीनलने मला खालची ओळ रिकामी ठेवूनच तिच्या खोलीत नेले आणि नव्या काचेसमोर उभे केले. ऑफेलियाने चष्मा काढला. पहिल्यांदा ती माझ्याकडे बघून हसली, आणि मग तिची नजर खाली गेली.

"हे कोणी केलं गो?"

"मी केलं, आंटी. मला वाटलं, काच आहे. लाइमस्केलचा स्प्रे मारला मी. फोनवर मी खोटं बोलले. सॉरी, आंटी."

ऑफेलिया रागावली. हो, रागावली, उगाच गोड करून सांगत नाही. ती खुर्चीत बसली आणि तिने काळा चष्मा मिटून मांडीवर ठेवला.

"विचारायचं तरी होतं," ती म्हणाली. "एक फोन करायचा. आईनं जपलेलं होतं ते. ती सुक्या फडक्याशिवाय काही लावायची नाही हिला."

मीनलने झुंबर तिच्या पुढ्यात ठेवले आणि काल काय झाले ते सांगितले. "तुम्ही सांगाल तर बसवू. नाही म्हणालात तर नाही."

ऑफेलियाने एक चकती उचलली, उजेडात धरली, फिरवून पाहिली. मागे चिकटवलेला 'मेड इन फिलिपिन्स' हा कागद तिला चष्म्याशिवाय वाचता आला. त्याचे तिचे तिलाच नवल वाटले. मग ती उठली आणि माझ्यासमोर हळूहळू गुडघे टेकून बसली. तिने माझ्या एका रिकाम्या चौकोनाला आपला नवा डोळा लावला.

माझ्या पलीकडे, बाहेरून नव्या काचेला टेकून मायरा उभी होती. रडवेली, ओठ चावत.

"मायरा!" ऑफेलिया एकदम म्हणाली. "तुझ्या नाकावर तीळ आहे गो! कधीपासून?"

"नेहमीपासून, आज्जी."

"आणि मला आज दिसला!" ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आले. डॉक्टरांनी डोळे चोळायचे नाहीत म्हणून बजावले होते, म्हणून मीनलनेच ते टिपले. ऑफेलियाने तिचा हात धरून ठेवला. "कित्याक रडटा गो तू? पोर न्हाऊ घातली तुझी, खिडकीचं काय घेऊन बसलीस! लहानपणी मी पण अशीच हिच्यातून बघत होते. आईनं धपाटा घातला होता."

मग चहा झाला, बेबिंक झाले आणि दुपारभर काम चालले. चकत्या कोमट पाण्यात भिजवल्या. ऑफेलियाने खुणा करून दिल्या, मीनलने कापल्या, राजीवने कडा घासल्या आणि मायराने एकेक शिंपला खाचेत सरकवला. माझी खालची ओळ आता फिलिपिन्सची आहे, वरच्या गोव्याच्या. रंगात किंचित फरक आहे, पण उजेड दोघींचा सारखाच पडतो. पूर्वी समुद्रापारची माणसे एकमेकांकडे आली ती तोफा घेऊन. माझी नातलग माझ्याकडे आली ती गार्डन सेंटरमधून, मीनलच्या डोक्यावर आपटून. मला विचाराल तर हीच पद्धत बरी.

शेवटचा शिंपला मायराच्या हातात होता. ती तो बसवणार, इतक्यात ऑफेलिया म्हणाली, "तो ठेव. तिथं नको. ती जागा तुझ्या डोळ्यांसाठी."

मित्रांनो, आता मला रोज सुक्या फडक्याने पुसतात. सोमवारी मीनल पुसते, एरवी ऑफेलिया. तुमच्याकडे एखादी जुनी वस्तू आली तर तिला घासायला घेण्याआधी, ती कशाची आहे आणि कोणाची आहे, हे विचारा. सांगणारे माणूस अजून शेजारी आहे, तोवरच विचारा. आणि चूक झालीच तर ती फिल्म लावून झाकू नका. रिकामी जागा तशीच घेऊन त्या माणसासमोर जा. मीनल गेली, म्हणून तर मी आज धड आहे.

आता पुन्हा एकदा माझ्यातून बघा. वर नाही, खाली, डावीकडच्या कोपऱ्यात. सापडला तो रिकामा चौकोन? डोळा लावा. पलीकडून कोणीतरी बघते आहे ना? घाबरू नका, ती मायरा आहे. रोज शाळेची बस येईपर्यंत ती इथेच असते, आणि तिच्यामागे खुर्चीत ऑफेलिया. हात हलवा. आता त्या दोघींनाही दिसेल.